कुठलं लंडन? तिकीट किंवा पार्सल काढण्याआधी एवढं बघा

"काकू, मी चाललो लंडनला!" असं ओरडतच एक पोरगी आत आली. (आमच्याकडच्या पोरी 'चालले' म्हणत नाहीत, 'चाललो'च म्हणतात. बाहेरच्यांनी दचकू नये.) मागनं वडील, हातात पेढ्यांचा बॉक्स. कोल्हापुरात शाहूपुरीत माझं टेबल आहे, तिकिटांचं आणि पार्सलचं, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. बावीस वर्षं झाली. मी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कुठल्या?"

"काय कुठल्या?"

"लंडनला गं. कुठल्या लंडनला?"

बापलेकीनं एकमेकांकडं असं बघितलं की काकूंचं आता वय झालं.

आता गंमत बघा. हाच माणूस उद्या मलकापूरला जायचंय म्हणून आला असता, तर मी तोंड उघडायच्या आत त्यानंच सांगितलं असतं, "शाहूवाडीचं हं." कारण मलकापूर निदान तीन आहेत हे आपल्याला माहीत असतं. एक आपलं, रत्नागिरी रोडवरचं, आंबा घाटाच्या अलीकडचं. दुसरं कराडला चिकटलेलं, हायवेवरचं. तिसरं बुलढाणा जिल्ह्यातलं, भुसावळच्या पुढं. गावाच्या बाबतीत 'कुठलं?' विचारायची आपल्याला इतकी सवय आहे की त्यात कुणाला अपमान वाटत नाही. परदेशाचं नाव आलं की मात्र आपण दबतो. लंडन म्हणजे लंडन, सिडनी म्हणजे सिडनी, त्यात काय विचारायचं! सगळे घोटाळे तिथनंच सुरू होतात.

देशातले घोटाळे निदान स्वस्तात मिटतात. माझ्याकडं नवीन एक पोरगा कामाला होता, मूळचा अकोल्याकडचा. एक मामा आले, "मलकापूर एक, उद्याचं." पोरानं सरळ महाराष्ट्र एक्सप्रेसचं स्लीपर काढून दिलं. गाडी कोल्हापुरातनं सुटते, मनमाड-भुसावळ करत मलकापूरला थांबते, त्याच्या हिशोबानं काहीच चुकलं नव्हतं. मामांना एस.टी.नं दीड तासावर भाचीच्या बारशाला जायचं होतं. तिकिटावरची वेळ बघून म्हणाले, "आयला, बारसं होऊन पोरगी शाळेत जाईल की ओ!" रद्द केलं, थोडे पैसे गेले, हसून मिटलं. परदेशाचं तिकीट असं हसून मिटत नाही. म्हणून माझी पद्धत सांगते.

पहिलं, गिऱ्हाइकाला, म्हणजे स्वतःलाही, गावाचं नाव विचारायचंच नाही. नावाच्या पलीकडचं काहीतरी विचारायचं. व्हिसा कुठल्या देशाचा? पत्र आलंय त्यावर देश कुठला छापलाय? पोरगं तिथं असेल तर त्याच्या फोनचा नंबर कशानं सुरू होतो? ४४ म्हणजे इंग्लंड. १ म्हणजे अमेरिका किंवा कॅनडा, मग राज्य विचारायचं. आणि माझा सगळ्यात लाडका प्रश्न, "आत्ता तिथं किती वाजलेत?" हा प्रश्न आजीलासुद्धा विचारता येतो. नातवाला कधी फोन करायचा हे आजीला पाठ असतं. इंग्लंडचं घड्याळ आपल्या मागं साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. आजी म्हणाली, "आपण जेवायला बसलो दुपारचं की तो उठतो," तर ते इंग्लंड. "आपली दुपार म्हणजे त्याची मध्यरात्र," म्हणाली की मी पेन खाली ठेवते. ते लंडन वेगळं.

हे वेगळं लंडन कॅनडात आहे, ओन्टारियो राज्यात, टोरांटोपासून साधारण १९० किलोमीटरवर. लहानसहान गाव नाही, चार लाखांच्या वर वस्ती आहे. वेस्टर्न विद्यापीठ तिथलंच, त्यामुळं आपली पोरं तिकडं जातात. १७९३ मध्ये सिम्को नावाच्या इंग्रज गव्हर्नरानं जागा हेरली, नाव ठरवलं, त्याला तिथं राजधानी करायची होती. राजधानी काही झाली नाही. वस्ती झाली ती १८२६ मध्ये. पण नावं ठेवताना त्या लोकांनी कसूर केली नाही. गावातनं वाहणारी नदी टेम्स. रस्ता ऑक्सफर्ड स्ट्रीट. पिकॅडिली आहे, हाईड पार्क आहे, मंडईचं नाव कोव्हेंट गार्डन आणि काउंटीचं मिडलसेक्स. म्हणून सांगते, रस्त्याच्या नावावरनं खात्री करायला जाऊ नका. एका गिऱ्हाइकानं मला ठणकावून सांगितलं होतं, "ऑक्सफर्ड स्ट्रीट लिहिलंय ओ काकू, म्हणजे इंग्लंडच!" नाही. तोच रस्ता, तीच नदी, मधी अख्खा अटलांटिक.

आता तिकीट. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर गावाचं नाव टाकायला लागलं की खाली यादी उघडते. आपलं बोट पहिल्या नावावर जातं. थांबायचं. त्या नावाशेजारी तीन अक्षरं असतात, विमानतळाचा कोड. माझ्या दृष्टीनं तिकिटावरचं खरं गाव तेच, नाव नुसतं शोभेला. इंग्लंडच्या लंडनला विमानतळच पाच-सहा. हीथ्रोचा एल एच आर, गॅटविकचा एल जी डब्ल्यू, आणि सगळ्यांचा मिळून एल ओ एन. ओन्टारियोच्या लंडनचा वाय एक्स यू. एक ठोकताळा लक्षात ठेवा, कॅनडातल्या मोठ्या विमानतळांचे कोड जवळजवळ सगळे 'वाय'नं सुरू होतात. टोरांटो वाय वाय झेड. तुम्हाला कॅनडाला जायचं नसेल आणि कोडात पहिला 'वाय' दिसला, तर बोट उचला.

हा 'वाय' बघितला असता तर एका इंग्रज जोडप्याची सुट्टी वाचली असती. २००२ मधली गोष्ट. त्यांना ऑस्ट्रेलियातलं सिडनी बघायचं होतं, उतरले कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या सिडनीत. तिथं ऑपेरा हाऊस नाही, बंदरावर भलंमोठं व्हायोलिन उभं केलंय. ऑस्ट्रेलियाच्या सिडनीचा कोड एस वाय डी, नोव्हा स्कोशियाच्या सिडनीचा वाय क्यू वाय. बरं, एकदा जगभर बातमी झाली म्हणून माणसं शिकली असं नाही. २०१७ मध्ये हॉलंडचा एक अठरा वर्षांचा पोरगा त्याच मार्गानं तिथंच जाऊन पोचला. त्याला तिकीट इतरांपेक्षा बरंच स्वस्त मिळालं होतं, त्यात तो खूश. टोरांटोला पुढचं विमान बघितलं, तर एवढंसं. एवढ्या विमानानं ऑस्ट्रेलिया कसं गाठणार, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला. म्हणून दर फार उतरलेला दिसला की मी आधी ते गाव नकाशावर बघते. ऑस्ट्रेलिया स्वस्तात मिळत नाही.

पण उलटंही होतं, बरं का. आपल्याकडची पोरं खरंच नोव्हा स्कोशियाच्या सिडनीला शिकायला जातात. केप ब्रेटन विद्यापीठ तिथं आहे आणि भारतातली पोरं भरपूर. घरचे मात्र गल्लीभर 'ऑस्ट्रेलियाला गेला' सांगून बसतात, नुसतं सिडनी ऐकून. अशा घरात मी हळूच एक जाड जाकीट घ्यायला सांगते.

बाकीची जोडगावं पटापट सांगते. मेलबर्न ऑस्ट्रेलियात एम ई एल, फ्लोरिडात एम एल बी. सॅन होजे कॅलिफोर्नियात एस जे सी, कोस्टा रिकात एस जे ओ. इथं एकाच अक्षराचा फरक आणि देशच वेगळा. मँचेस्टर इंग्लंडात एम ए एन, अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरात एम एच टी. पोर्टलंड अमेरिकेतच दोन, एक या किनाऱ्याला, दुसरं त्या. ओरेगनचं पी डी एक्स, मेनचं पी डब्ल्यू एम. ओरेगनवाल्याचं नाव कसं पडलं ऐका. १८४५ मध्ये जागेचे मालक दोघं, एक बोस्टनचा, दुसरा मेनमधल्या पोर्टलंडचा. दोघांनाही आपापल्या गावाचं नाव द्यायचं होतं. शेवटी नाणं उडवलं, तीनपैकी दोनदा पोर्टलंडवाला जिंकला. आमच्याकडं असं नाणं उडवून गावाचं नाव ठरवायचं म्हटलं असतं तर मोर्चाच निघाला असता. न्यूयॉर्क राज्यात एक दिल्ली आहे, तिचा उच्चार तिथले लोक 'डेल्हाय' करतात. त्याच राज्यात एक बॉम्बेही आहे. तिकडं जायचं तुमच्यावर येणार नाही, पण यादीत ती दिसू शकतात.

हैदराबादचं मात्र तुमच्यावर येईल. तेलंगणातलं १५९१ चं, सिंधमधलं १७६८ चं, सिंधू नदीकाठचं. दोन्हीकडं बांगड्यांचा बाजार नामी, इकडं लाखेच्या, तिकडं काचेच्या. कोड इकडचा एच वाय डी, तिकडचा एच डी डी. यादीत चुकून दुसऱ्यावर टिचकी पडली तर काय होईल ते मी लिहायला नको.

तिकीट काढायच्या आधी शेवटचं काम म्हणजे मोठ्यानं वाचणं. मी गिऱ्हाइकासमोर कोड, देश, तारीख ओरडून वाचते आणि त्याच्याकडनं 'होय' वदवून घेते. लोकांना वाटतं बाई भांडतेय. भांडू दे. नावाचं स्पेलिंग चुकलं तर कधीकधी दुरुस्ती होते. गाव चुकलं की त्याला दुरुस्ती नसते. जुनं रद्द करायचं, कापून जे येईल ते घ्यायचं आणि नवीन काढायचं. आणि जितका उशीर तितकं जास्त कापलं जातं. म्हणून घरी जाऊन निवांत बघतो म्हणू नका, काउंटरवर उभं राहूनच बघा.

पार्सलचा विषय वेगळा. इथं मी स्वतः तोंडावर पडलेय, तेव्हा तेही सांगते.

धंद्याच्या सुरुवातीची गोष्ट. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणारे एक फोरमन दिवाळीचं फराळ घेऊन आले. चकली, करंजी, शंकरपाळी, कांदा-लसूण चटणीची पिशवी, आणि वर पोराला एक कोल्हापुरी पायताण. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'बर्मिंगहॅम, ए एल'. मला बर्मिंगहॅम म्हटलं की इंग्लंड, 'ए एल' म्हणजे काहीतरी गल्लीचं नाव असेल. फॉर्ममध्ये देश इंग्लंड निवडला. पुढं पोस्टाच्या कोडाचा रकाना आला, चिठ्ठीवर नुसते पाच आकडे. इंग्लंडच्या कोडात अक्षरं असतात हे मला तेव्हाही माहीत होतं. पण गर्दी होती, मागं माणसं उभी, दिले आकडे दामटून. दीड महिन्यानं बॉक्स परत आला. पत्ता सापडला नाही. चकलीचा भुगा, करंजीचा भुगा, आणि चटणीचं तेल सगळं त्या पायताणानं पिलेलं. पार्सलचे पैसे मी परत दिले आणि दुसरं पार्सल माझ्या खर्चानं पाठवलं.

'ए एल' म्हणजे अलाबामा, अमेरिकेतलं राज्य. फोरमन रागावले नाहीत, उलट मला शिकवून गेले. म्हणाले, "वैनी, त्या गावाला ते नाव आमच्या धंद्यानंच पडलंय." तिथं लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी तिन्ही जवळजवळ सापडलं, लोखंड तिथंच गाळता येतं, म्हणून १८७१ मध्ये गाव वसवताना इंग्लंडातल्या लोखंडाच्या गावाचं नाव दिलं. म्हणजे दोन्ही बर्मिंगहॅम आमच्या उद्यमनगरची भावंडंच.

त्या दिवसापासून मी पत्ता खालनं वर वाचते. आधी देश, मग कोड, मग राज्य, गावाचं नाव सगळ्यात शेवटी. कोडाची घडण ओळखायला शिका, निम्मं काम तिथंच होतं. नुसते पाच आकडे म्हणजे बहुतेक अमेरिका, पण देश बघाच, कारण पाच आकडे इतर देशांतही असतात. सहा आकडे म्हणजे बहुतेक आपलं. अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतील तर नीट बघा, कारण इंग्लंड आणि कॅनडा दोघंही मिसळतात. आणि लंडनच्या बाबतीत तर कहर आहे. इंग्लंडच्या लंडनच्या उत्तरेकडच्या एका भागाचा कोड 'एन ६'नं सुरू होतो आणि ओन्टारियोच्या लंडनचे बरेच कोडही 'एन ६'नंच सुरू होतात. फरक पुढं आहे. कॅनडाचा कोड फुगडीसारखा चालतो, अक्षर-आकडा-अक्षर, मधी जागा, मग आकडा-अक्षर-आकडा. शेवट नेहमी आकड्यानं. इंग्लंडच्या कोडाचा शेवटचा तुकडा म्हणजे एक आकडा आणि दोन अक्षरं, शेवट नेहमी अक्षरानं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, शेवटचं एक चिन्ह बघा. आकडा असेल तर कॅनडा, अक्षर असेल तर इंग्लंड.

आपला पिनकोड याच दुखण्यावर काढलेला आहे. सारख्या नावाची गावं, दहा लिप्यांत लिहिलेले पत्ते, पोस्टमन तरी काय करणार! श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस, दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, त्यांनी ही पद्धत बसवली. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला आकडा देशातला विभाग, दुसरा त्यातला पोटविभाग, तिसऱ्यानं टपाल वाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे पोस्ट. बुलढाण्याचं मलकापूर ४४३ नं सुरू होतं, शाहूवाडीचं ४१५ नं. इथं एक खोच आहे. शाहूवाडी कोल्हापूर जिल्ह्यात, पण पिन ४१६ चा नाही, ४१५ चा. आणि कराडचं मलकापूरही ४१५ चंच. म्हणजे पहिले तीन बघून सोडून दिलं तर पार्सल कराडला जाऊन बसेल. सहाच्या सहा आकडे वाचायचे.

कोल्हापूरकर म्हणून आपल्यालाही हे लागू आहे. तेलंगणात कोल्लापूर नावाचं गाव आहे, नागरकर्नूल जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाजवळ. इंग्रजीत लिहिलं तर एका-दोन अक्षरांचा फरक. आपली पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढं त्या कोल्लापूरच्या अंगानं जातं. पाणी बरोबर पोचतं, कुरिअर पोचेलच असं नाही. बाहेरनं काही मागवताना 'कोल्हापूर, महाराष्ट्र' असं पूर्ण लिहा आणि पिन द्या. रेल्वेचं तिकीट बघणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की यादीत कोल्हापूर शोधू नका, छत्रपती शाहू महाराज टर्मिनस शोधा, कोड के ओ पी. विमानानं येणार असतील तर के एल एच. एकाच गावाचे दोन कोड, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

माणगावचंही सांगून टाकते. मुंबईची काही मंडळी १९२० ची माणगाव परिषद जिथं भरली ती जागा बघायला निघाली होती. २१ आणि २२ मार्चला शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर जिथं एका व्यासपीठावर आले, ते माणगाव. त्यांनी तिकीट काढलं कोकण रेल्वेवरच्या माणगावचं, रायगड जिल्ह्यातल्या. नशीब, परतीचं तिकीट माझ्याकडं काढायला फोन केला. विचारलं, "स्टेशनपासून जवळ आहे का हो?" मी म्हटलं, "तालुका कुठला?" हातकणंगले म्हणाले. मग सगळं नव्यानं काढलं.

तर ती पोरगी. पेढा संपवून मी तिचं प्रवेशपत्र मागितलं. खालनं वर वाचलं. कॅनडा. कोडाच्या शेवटी आकडा. ओन्टारियो. मग लंडन. वडिलांनी चष्मा लावून स्वतः वाचलं, दोनदा.

"म्हणजे राजवाडा नाही तिथं?"

"नाही. टेम्स नदी आहे."

"पण पाहुण्यांना सगळ्यांना इंग्लंड सांगून झालंय ओ."

पोरगी मात्र हसत सुटली. तिला माहीत होतं, व्हिसाच कॅनडाचा होता. घरात कुणी विचारलंच नाही म्हणून ती बोलली नव्हती. लंडनपर्यंत विमान घेतलं तर महाग पडत होतं, म्हणून टोरांटोपर्यंतच काढलं. वाय वाय झेड, मोठ्यानं वाचून. वडील बॉक्सला झाकण लावत म्हणाले, "आणि टोरांटोपासनं पुढं?"

"रस्त्यानं. एकशे नव्वद किलोमीटर."

त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे पुण्यापेक्षा जवळच की."